चेटकिणींच्या आधी पगाराचं भांडण : वसाहतकालीन अमेरिका शिकायला निघालेल्यांसाठी

वसाहतकालीन अमेरिकेवर काम करायचंय म्हणून विचारायला येणारे विद्यार्थी बहुतेक वेळा दोन गोष्टी डोक्यात घेऊन येतात. एक, युरोपात छळ सोसलेली माणसं धर्मस्वातंत्र्यासाठी समुद्र ओलांडून गेली. दुसरी, त्याच माणसांच्या पुढच्या पिढीने चेटकिणी जाळल्या. पहिली गोष्ट अर्धी खरी आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये आलेल्या प्युरिटनांना, म्हणजे इंग्लंडचं चर्च ‘शुद्ध’ करू पाहणाऱ्या कडव्या प्रॉटेस्टंटांना, स्वातंत्र्य हवं होतं ते स्वतःपुरतं. १६५९ ते १६६१ या काळात याच लोकांनी बोस्टनमध्ये क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या चौघांना फाशी दिली. दुसरी गोष्ट साफ चूक. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या १६९२ च्या चेटूक-खटल्यांत एकोणीस जण फासावर गेले, जाइल्स कोरी हा म्हातारा शेतकरी आरोपाला उत्तर द्यायला तयार होईना म्हणून त्याला दगडांच्या वजनाखाली चिरडलं, आणि निदान पाच जण तुरुंगात मेले. जाळलं कोणालाच नाही.

मी स्वतः पुण्यात एम.ए. केलं तेव्हा अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर स्वातंत्र्ययुद्धाच्या जरा आधी सुरू व्हायचा. त्याआधीची दीडशे वर्षं दोन तासांत उरकायची. पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये शिकायला गेले, तेव्हा मार्गदर्शक बाईंनी खटल्यांच्या कागदांना हात लावू दिला नाही. हातात दिली ती सेलम गावच्या कारभाराची नोंदवही. त्यात चेटूक कुठेच नाही. पट्टी, म्हणजे गावचा कर, किती बसली, कोणी भरली नाही, पाद्र्याला सरपण कोणी द्यायचं, हेच पानोपानी. मला अजूनही वाटतं की सुरुवात करायची ती तिथूनच.

आधी गाव समजून घ्या. सेलम दोन होती. एक सेलम टाउन, म्हणजे बंदर. तिथे व्यापारी, जहाजं, वेस्ट इंडीजशी देवघेव. दुसरं सेलम व्हिलेज, आत जमिनीकडे पसरलेली शेतकऱ्यांची वस्ती. आज त्या गावाला डॅनव्हर्स म्हणतात, त्यामुळे नकाशात सेलम शोधून तिथे पोचलात तर दिसेल हॅलोविनची जत्रा, आणि घटना जिथे सुरू झाली ती जागा राहील काही मैलांवर. गावात पाचसहाशे माणसं. पट्टी बंदराच्या कारभाऱ्यांकडे भरायची, रविवारी प्रार्थनेला मैलोन्‌मैल चालत तिकडेच जायचं, वर रात्रीच्या पहाऱ्यालाही माणसं पाठवायची. १६६७ मध्ये शेतकऱ्यांनी या पहाऱ्याविरुद्ध अर्ज केला. १६७२ मध्ये स्वतःचा पाद्री नेमायची परवानगी मिळाली, पण गावाला पूर्ण स्वायत्तता नाही आणि स्वतःचं चर्चही नाही. ते आलं १६८९ मध्ये. मधल्या काळात तीन पाद्री आले आणि भांडून गेले.

चौथा सॅम्युएल पॅरिस. बार्बाडोसमध्ये व्यापार करून, बोस्टनमध्ये फारसं जमलं नाही म्हणून धर्मकार्याकडे वळलेला माणूस. त्याचा करार नीट वाचा. वर्षाला सहासष्ट पौंड, त्यातला एक तृतीयांश रोख आणि बाकी धान्य-मांसाच्या रूपात. वसाहतीत नाणं दुर्मिळ होतं, म्हणून अशी वाटणी. मग वाद सुरू झाले. सरपण या पगारात धरलंय की वेगळं? गावाने पाद्र्याचं घर आणि त्याभोवतीची जमीन त्याच्या नावावर करून दिली म्हणे, पण तो ठराव कोणी आणि कुठल्या बैठकीत केला? ऑक्टोबर १६९१ मध्ये गावाची नवी समिती निवडून आली ती त्याच्या विरोधकांची. तिने पगारासाठी पट्टी बसवायलाच नकार दिला. हिवाळ्याच्या तोंडावर पॅरिस चर्चच्या सभासदांपुढे घरात सरपण नसल्याची तक्रार करतो आहे. त्याच घरात जानेवारी १६९२ मध्ये त्याची नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि अकरा वर्षांची अ‍ॅबिगेल विल्यम्स यांना झटके येऊ लागले, आणि ते कोणाच्या तरी चेटकाने येतात असं धरून आरोप सुरू झाले.

नवख्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, तो चर्चचा सभासद आणि गावचा रहिवासी यांत. पट्टी सगळ्यांनी भरायची, प्रवचनालाही सगळ्यांनी बसायचं. पण प्रभुभोजनाला बसता येई ते फक्त सभासदांना, आणि सभासद व्हायचं तर देवाच्या कृपेचा अनुभव आल्याची कबुली द्यावी लागे. दुसऱ्या पिढीतल्या बऱ्याच जणांना असा अनुभव सांगता येईना, म्हणून १६६२ मध्ये न्यू इंग्लंडच्या पाद्र्यांनी मधला मार्ग काढला : आई-वडील पूर्ण सभासद नसले तरी मुलांचा बाप्तिस्मा करायचा. पॅरिसला ही ढिलाई मान्य नव्हती. म्हणजे जो शेतकरी त्याच्या पगाराची पट्टी भरतो, त्याच्याच मुलाला तो बाप्तिस्मा देत नाही. समिती कोणाच्या हातात आणि चर्च कोणाच्या हातात, हा प्रश्न घेऊन नोंदवही वाचली की कोरडे ठराव बोलायला लागतात. प्रार्थनागृहात बाकावर कोणी कुठे बसायचं हेही मान, वय आणि ऐपत बघून ठरायचं. ती यादी एखाद्या गावची मिळाली तर सोडू नका.

याखाली आणखी एक थर आहे, तो आपल्याकडच्या वाचकाला समजवावा लागत नाही. भाऊबंदकी. थॉमस पुटनम हा गावातला मोठा जमीनदार १६८६ मध्ये मेला आणि दुसऱ्या बायकोच्या मुलाला, जोसेफला, भरभक्कम वाटा देऊन गेला. पहिल्या बायकोच्या मुलांनी मृत्युपत्राला आव्हान दिलं, ते टिकलं नाही. हा धाकटा सावत्रभाऊ जोसेफ पुढे पोर्टर घराण्याचा जावई झाला. पोर्टरांचे हितसंबंध बंदराशी, पुटनमांचे शेतीशी. पगार रोखणाऱ्या समितीत जोसेफ पुटनम आहे, जोसेफ पोर्टर आहे, फ्रान्सिस नर्सही आहे. आणि १६९२ च्या तक्रारींवर सह्या सापडतात त्या थोरल्या भावाच्या, म्हणजे बापाचंच नाव असलेल्या थॉमस पुटनमच्या. झटके येणाऱ्या मुलींत त्याची मुलगी अ‍ॅन आहे, घरची मोलकरीण मर्सी लुईस आहे. फ्रान्सिस नर्सची बायको रेबेका, एकाहत्तर वर्षांची, चर्चची मानाची सभासद. ज्यूरीने तिला आधी निर्दोष ठरवलं, मग पुन्हा विचार करायला लावल्यावर दोषी ठरवलं. १९ जुलैला फाशी.

आता एक कागद जवळून बघू. १ मार्च १६९२, सारा गुड या आरोपी बाईची जबानी. दंडाधिकारी जॉन हॅथॉर्नचा पहिलाच प्रश्न असा : कुठल्या दुष्ट आत्म्याशी तुझी ओळख आहे? ओळख आहे का, असं तो विचारत नाही. ती म्हणते, कुठल्याच नाही. सैतानाशी करार केला नाहीस का? नाही. मग या मुलांना का छळतेस? पुढे तो विचारतो की पॅरिसच्या घरून पुटपुटत का निघालीस. ती म्हणते, मी पुटपुटले नाही, माझ्या मुलीला त्यांनी जे दिलं त्याबद्दल आभार मानले. दारावर भीक मागायला आलेल्या बाईच्या ओठांची हालचाल इथे पुरावा झाली आहे.

ही बाई भिकारीण कशी झाली ते मात्र खटल्याच्या कागदात मिळणार नाही. त्यासाठी वारशाचे कागद उघडावे लागतात. तिचा बाप जॉन सोलार्ट हा वेनहॅमचा खाऊन-पिऊन सुखी खाणावळवाला. १६७२ मध्ये त्याने बुडून जीव दिला. आईने दुसरं लग्न केलं आणि मुलींचे वाटे अडकून पडले. साराचा पहिला नवरा कर्ज ठेवून मेला. दुसरा नवरा विल्यम गुड याच्या गळ्यात ते कर्ज पडलं आणि होती ती थोडी जमीनही गेली. मग हे कुटुंब लोकांच्या गोठ्यांत रात्री काढत, दारोदार मागत फिरू लागलं. नवऱ्याने कोर्टात सांगितलं की ही चेटकीण आहे किंवा लवकरच होईल. तिची चार-पाच वर्षांची मुलगी डोरोथी हिलाही अटक झाली आणि ती महिनोन्‌महिने साखळदंडात राहिली. तुरुंगाचा, अगदी बेड्यांचाही खर्च कैद्याच्याच नावावर चढायचा, हे ध्यानात ठेवून ते हिशेब वाचा.

इतकं वाचल्यावर मोह होतो की चला, सगळं जमिनीचं आणि पैशाचं भांडण होतं. १९७४ मध्ये दोन इतिहासकारांनी नकाशा काढून दाखवलं की आरोप करणारे बहुतेक गावाच्या पश्चिमेला राहत आणि आरोपी व त्यांचे पाठीराखे पूर्वेला, बंदराच्या बाजूला. वर्गात हा नकाशा लगेच पटतो, म्हणूनच सांभाळून वापरा. नंतरच्या अभ्यासकांनी ठिपके पुन्हा तपासले तेव्हा काही जागा चुकलेल्या निघाल्या, काही माणसं गाळलेली सापडली, आणि पूर्व-पश्चिम दरी तितकी ठळक उरली नाही. शिवाय आरोपींत बरेच जण मुळात या गावचे नव्हतेच, अँडोव्हर या दुसऱ्या गावचे तर ढिगाने.

युद्धाचं काय? उत्तरेकडच्या मेन प्रदेशाच्या सरहद्दीवर वाबानाकी हे मूलनिवासी आणि फ्रेंच यांच्याशी लढाई चालू होती. जानेवारी १६९२ मध्येच यॉर्क वसाहतीवर मोठा हल्ला झाला. मर्सी लुईसचे आई-वडील तिकडेच मारले गेले होते. अनाथ होऊन ती मोलकरीण झाली. जॉर्ज बरोज या माजी पाद्र्याची गोष्ट तर सगळे धागे एकत्र आणते. सेलम व्हिलेजमध्ये असताना गावाने त्याचा पगार थकवला. बायको वारली तेव्हा अंत्यविधीच्या खर्चासाठी त्याला पुटनमांकडून उसने घ्यावे लागले, आणि १६८३ मध्ये हिशेब मिटवायला आला असता त्याच कर्जापायी अटक झाली. मग तो मेनला गेला, हल्ल्यांतून वाचला. १६९२ मध्ये त्याला तिथून पकडून आणलं, चेटक्यांचा म्होरक्या ठरवलं आणि १९ ऑगस्टला फाशी दिली. फासाखाली उभा राहून त्याने प्रभूची प्रार्थना न चुकता म्हटली. चेटक्याला हे जमत नाही अशी समजूत होती, त्यामुळे जमाव चुळबुळला. तरी फाशी झालीच.

वरून राजकीय पोकळी. वसाहतीची सनद १६८४ मध्ये रद्द, मग राजाने नेमलेला गव्हर्नर अँड्रॉस, त्याच्या काळात जमिनींच्या मालकीहक्कावरच शंका, आणि १६८९ मध्ये बोस्टनमध्ये उठाव. नवी सनद घेऊन विल्यम फिप्स पोचला तो मे १६९२ मध्ये. तोवर देहदंडाचे खटले चालवायला रीतसर अधिकार कोणालाच नव्हता, त्यामुळे नुसते तुरुंग भरत गेले.

माझं मत विचाराल तर पगार, वारसा, धर्म, युद्ध यांतलं एक निवडणारा प्रबंध मला वाचवत नाही. एका माणसाला धरा आणि ते चारही त्याच्या दारातून कसे आत आले ते दाखवा.

कामाच्या काही गोष्टी. त्या काळी इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे सारा गुडच्या जबानीवर १६९१/९२ अशी जोड-साल दिसेल. ती नीट न वाचल्यामुळे अटक खटल्यानंतर झाली असं लिहिणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. पौंडाचे वीस शिलिंग, शिलिंगाचे बारा पेन्स. बेरजा करताना कॅल्क्युलेटरवर विसंबू नका. नावं तीच ती येतात, दोन थॉमस पुटनम, दोन अ‍ॅन पुटनम. प्रत्येक माणसाचं वेगळं कार्ड करा आणि त्यावर वय, नातं, शेताची जागा लिहा. खटल्यांचे कागद व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, मूळ पानांची छायाचित्रं आणि शेजारी उतारा. सतराव्या शतकातलं अक्षर सुरुवातीला लागत नाही. उतारा झाकून रोज चार ओळी वाचायची सवय केली तर लागायला लागतं. तिकडे जायची संधी मिळालीच तर डॅनव्हर्समध्ये पॅरिसच्या घराचा दगडी पाया १९७० मध्ये खणून काढलाय तो बघा. घरांच्या मागच्या बाजूला एक खड्डा आहे, बस्स. आतली जागा एवढीशी दिसते की त्या हिवाळ्यात एका छपराखाली किती दाटी असेल ते कळतं.

सेलमच्या पलीकडेही बघत चला, नाहीतर सगळ्या वसाहती प्युरिटन वाटू लागतात. व्हर्जिनियात १६७६ मध्ये गव्हर्नरविरुद्धच्या बेकनच्या बंडात करार संपलेले गोरे नोकर आणि काळे गुलाम एकत्र लढले, जेम्सटाउन जळालं. तिथला तणाव तंबाखू, जमीन आणि मूलनिवासींच्या प्रदेशाचा, चर्च फार मागे. मेरीलँडमध्ये कॅथलिक मालक, प्रॉटेस्टंट बहुसंख्य. अशा ठिकाणी धर्मसहिष्णुतेचा १६४९ चा कायदा वाचला की त्यामागची गरज दिसते.

ज्यांना परदेशी जायचं नाही किंवा जमत नाही त्यांच्यासाठी एक विषय सुचवते. १८१२ च्या फेब्रुवारीत सेलमच्याच टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. नगरला १८४२ मध्ये निघालेलं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक त्याच मिशनचं. सभासद कोणाला करायचं, बाप्तिस्मा कोणाला द्यायचा, पाद्र्याचा पगार कोणी द्यायचा, हे न्यू इंग्लंडमधले प्रश्न इथे मराठी ख्रिस्ती मंडळींमध्ये कसे आले, यावर मराठी साधनं वाचता येणाऱ्याचं काम अमेरिकेतल्या अभ्यासकापेक्षा सोपं आहे.

आणि सेलमच करायचं असेल तर शेवटचे कागदही सुरुवातीलाच बघून घ्या. १७११ मध्ये वसाहतीने नुकसानभरपाई मंजूर केली, एकूण ५७८ पौंड १२ शिलिंग. रकमा सारख्या नाहीत. जॉन आणि एलिझाबेथ प्रॉक्टर यांच्या नावावर दीडशे, रेबेका नर्सच्या नावावर पंचवीस. ब्रिजेट बिशप, सगळ्यांत आधी फाशी गेलेली, तिच्या नावाने कोणी काही मागितलंच नाही. विल्यम गुडने मात्र १७१० मध्ये अर्ज केला होता : बायको फाशी गेली, तान्हं मूल तुरुंगात मेलं, डोरोथीला असं वागवलं की तिला अजून स्वतःचं भान नाही आणि तिचा खर्च मलाच सोसावा लागतो. त्याला तीस पौंड मिळाले. हा अर्ज आणि त्याच माणसाची १६९२ ची बायकोविरुद्धची साक्ष एका बैठकीत वाचून होते. पहिलं टिपण त्यावरच लिहा.