कालव्याकाठची वाट सायकलने कशी करावी

जुन्या कालव्यांच्या काठाने जाणारी वाट बांधली ती बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी. बोटींना इंजिन येण्याआधी दोरखंड लावलेला घोडा पुढे चालायचा आणि मालाने भरलेली बोट मागून पाण्यातून सरकायची. म्हणून ही वाट पाण्याला खेटून, सपाट आणि घोड्यापुरती रुंद. सायकलवाल्याला तिथे जे काही अडतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ इथेच आहे. त्यामुळे नव्या माणसाला मी सायकलीआधी वाटेबद्दल सांगते.

पाण्याला चढ चढता येत नाही. कालवा शक्यतो एकाच उंचीवरून वळसे घेत जातो आणि उंची बदलायचीच असेल तिथे लॉक येतं, म्हणजे बोटीला आत घेऊन वर किंवा खाली नेणारी दोन्हीकडे दारं असलेली पाण्याची कुंडी. अमेरिकेतला चेसापीक अँड ओहायो कालवा १८५० मध्ये कंबरलंडपर्यंत पोचला. २९७ किलोमीटरचा हा कालवा ७४ लॉकमधून साधारण १८५ मीटर उंची गाठतो. सगळा चढ लॉकपाशी साठलेला, मधली वाट सपाट. नकाशावर लॉकची खूण दिसली की तिथे छोटासा चढ किंवा उतार आहे असं धरून चाला. लॉक एकापाठोपाठ एक आली तर चढ चांगलाच जाणवतो. इंग्लंडमधल्या केनेट अँड एव्हन कालव्यावर डिव्हायझेसला २९ लॉकची रांग आहे आणि जेमतेम सव्वातीन किलोमीटरमध्ये ७२ मीटर उंची बदलते.

लॉकजवळच्या उतारावर एकदा थांबून खाली बघा. बऱ्याच ठिकाणी आडव्या विटांच्या किंवा दगडांच्या ओळी थोड्या वर काढलेल्या असतात. घोड्याला ओझं ओढताना टाप रोवता यावी म्हणून केलेली ती सोय. सायकलच्या चाकाला त्याच ओळी घातक, त्यातून त्या ओल्या आणि शेवाळलेल्या असल्या तर जास्तच. ब्रेक ओळींच्या आधी मारा, ओळींवरून हँडल सरळ धरून ब्रेक सोडून जा. लॉकच्या दारांना लांब लाकडी दांडे असतात. दार उघडताना तो दांडा काठावर मोठं अर्धवर्तुळ घेत फिरतो. बोट लॉकमध्ये असेल तर लांबच थांबा. दांडा ढकलणारा माणूस पाठमोरा असतो, त्याला तुम्ही दिसत नाही.

पूल हा दुसरा नाजूक भाग. कमानीखाली वाट निमुळती होते, छत डोक्यावर येतं आणि समोरचं काही दिसत नाही. आधी घंटी, मग वेग चालण्याइतका, मान खाली आणि पाण्याच्या बाजूचा पाय पॅडलवरच. टेकायचा झाला तर जमिनीच्या बाजूचा पाय टेकवायचा, ही सवय मुद्दाम लावून घ्या. पुलाच्या कोपऱ्यावरच्या दगडात किंवा लोखंडी पट्टीत बोटाएवढ्या खोल खाचा दिसतील. वर्षानुवर्षं ओले, वाळू लागलेले दोरखंड घासून त्या पडल्या आहेत. मी अजूनही प्रत्येक खाचेवरून हात फिरवल्याशिवाय पुढे जात नाही. काही पुलांवर वाट एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते आणि पूल गोल वळसा घेऊन स्वतःच्याच खालून निघतो. दोर न सोडता घोडा पलीकडे नेता यावा, ही त्यामागची युक्ती. तिथे वळण फार आखूड असतं. उतरून चाला.

बोगदा असेल तर दिवसाही दिवा लागतो. चेसापीक अँड ओहायोवरचा पॉ पॉ बोगदा साडेनऊशे मीटर लांब आहे आणि आत मिट्ट काळोख. सायकल हातात धरून, दिवा लावून चालत जाणं हेच शहाणपण.

आता आखणी. वाट काठावर आहे म्हणजे चांगलीच असेल असं नाही. फ्रान्समध्ये १६८१ साली पूर्ण झालेला कनाल द्यु मिदी २४० किलोमीटरचा आहे. तुलूझकडचा टप्पा गुळगुळीत डांबरी, पण पुढे माती, खडे आणि झाडांची वर आलेली मुळं. ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या मोफत नकाशावर वाट नुसती रेषा म्हणून बघू नका, तिच्या पृष्ठभागाची नोंद उघडून वाचा. शेतवाटांना तिथे एक ते पाच अशी प्रत असते: एक म्हणजे पक्की, पाच म्हणजे मऊ मातीत उमटलेली नुसती चाकोरी. पावसानंतर चार आणि पाच मी सरळ वगळते. चिकणमाती टायर आणि फ्रेमच्या फटीत बसली की चाक फिरायचंच थांबतं. उपग्रहचित्रही बघा, झाडांनी झाकलेली वाट उशिरा वाळते. आणि त्या देशात सायकलला परवानगी कुठे आहे ते तपासा. इंग्लंडमध्ये १९६८ च्या कायद्याने घोडेस्वारांना खुल्या असलेल्या सार्वजनिक वाटांवर (ब्रायडलवे) सायकलला मुभा मिळाली, पायवाटांवर नाही. नकाशावर दोन्ही सारख्याच मोहक दिसतात.

अंतर किलोमीटरमध्ये नको, तासांत मोजा. कालव्यावर ताशी पंधरा किलोमीटर धरले की थांबे आणि लोक सगळं त्यात बसतं. आणि सपाट वाट म्हणजे सोपी वाट, हा समज काढून टाका. उतारच नसल्यामुळे पाय कधी थांबत नाहीत आणि बूड सीटवरून उठत नाही. दुखणं मांड्यांना कमी, बसण्याच्या हाडांना आणि तळव्यांना जास्त. दर दहा-पंधरा मिनिटांनी पॅडलवर उभं राहा, हँडलवरची पकड बदला. वारा आधी बघून घ्या. मातीच्या भरावावरून जाणाऱ्या उंच कालव्यावर आडोसा नसतो. शक्य असेल तर पहिला टप्पा वाऱ्याविरुद्ध ठेवा.

सायकल महाग असायची गरज नाही, टायर मात्र रुंद हवेत. माझ्या मते ४० मिलिमीटर हे योग्य माप, आणि हवा लोक भरतात त्यापेक्षा बरीच कमी. सत्तरेक किलोच्या माणसाला ट्यूबलेस टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) पुरतं, मागे दोनेक पीएसआय जास्त. आत ट्यूब असेल तर थोडं वाढवा, नाहीतर खड्यावर आपटून रिमखाली चिमटते. ट्यूबलेसचा आग्रह मी धरते तो काट्यांमुळे. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात शेतांच्या कुंपणाच्या झुडपांची छाटणी होते आणि काटेरी तुकडे वाटेवर पसरतात. ट्यूबलेस टायरच्या आत सीलंट असतं, म्हणजे काट्याचं भोक आपोआप बुजवणारा द्रव. ते दोन-तीन महिन्यांनी वाळतं, म्हणून निघण्याआधी चाक कानाशी हलवून आत ते खळखळतंय का ऐका. मोठं भोक बुजवायचे प्लग, एक ट्यूब आणि पंप सोबत हवाच. मडगार्ड लावाच, पुढे कारण येतं.

सुट्या खडीवर हँडल घट्ट धरलं की सायकल भांडायला लागते. कोपरं सैल, नजर दहा मीटर पुढे, गिअर एक पायरी जड आणि पॅडल सारखं फिरतं ठेवा. वळणात पुढचा ब्रेक लावू नका. वेग आधीच उतरवा. शेतवाटेवर दोन चाकोऱ्या आणि मधे गवताचा उंचवटा असेल तर एक चाकोरी निवडून तिच्यातच राहा. बदलायचीच झाली तर उंचवटा तिरका न कापता शक्य तितका आडवा ओलांडा, नाहीतर पुढचं चाक त्याच्या कडेने घसरत जातं. कालव्याची पाण्याकडची कडा कायम संशयास्पद समजा. गवत आणि खाजकुयलीसारखी झुडपं माजली की खालची माती ढासळलेली दिसत नाही.

वाटेवरची माणसं तुमच्या आधीपासून तिथे आहेत. घंटी लांबून वाजवा आणि वाजवल्यावर वेग कमी करा. घंटी म्हणजे हुकूम नव्हे. मासे पकडणाऱ्याची काठी दहा मीटरहूनही लांब असते आणि मासा लागला की ती मागे, वाटेवर आडवी सरकते. तिथे थांबायचंच. बांधलेल्या बोटींजवळ दोर आणि जमिनीत ठोकलेल्या खुंट्या बघत चला. घोडेस्वार दिसला तर घंटी नको, लांबूनच मोठ्याने बोला. माणसाचा आवाज घोड्याला कळतो, मागून आलेली किणकिण त्याला बिथरवते. कुरणात गाय वासरासह असेल तर उतरा आणि दोघांच्या मधून जाऊ नका. फाटक जसं होतं तसंच ठेवा: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं.

मडगार्डचं कारण असं. कालव्याच्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात. चिखल उडून बाटलीच्या तोंडावर बसतो आणि तोच घोट पोटात जातो. झाकण असलेली बाटली घ्या, खरचटलेल्या जागेवर पट्टी लावा आणि हात धुतल्याशिवाय खाऊ नका. सहलीनंतर महिनाभरात ताप आणि अंगदुखी आली तर डॉक्टरांना कालव्याबद्दल आवर्जून सांगा.

परतीसाठी एक सोय अनेकांच्या लक्षात येत नाही. रेल्वे पुष्कळदा कालव्यांच्याच खोऱ्यांतून गेली, त्यामुळे स्टेशनं जवळ सापडतात. सायकल गाडीत चालते का आणि जागा आधी राखावी लागते का, एवढं विचारून ठेवा. मग गोल फेरीच्या नादात मोटारींच्या रस्त्यावर यावं लागत नाही. चढण्याआधी फडक्याने चेन आणि ब्रेकपॅडवरची खडीची पूड पुसा. ती तशीच वाळली तर पुढच्या वेळी रिम नाहीतर डिस्क खरवडते.