‘ह्या टीमचा ओनर कोण?’ : मायक्रोसॉफ्ट टीम्सच्या ॲडमिनचं काम शिकताना

चाकणजवळच्या एका कारखान्यात हेल्पडेस्कवर लागून मला चार महिने झाले होते. एका दुपारी खरेदी विभागातल्या एका ताईंचं तिकीट (तक्रारीची नोंद) आलं: ‘सर्चमध्ये नको ती फाइल दिसतेय, जरा बघता का?’ त्यांना एका ड्रॉइंगचं नवं रिव्हिजन हवं होतं, म्हणून टीम्सच्या (कंपनीतल्या चॅट, मीटिंग आणि फायलींच्या ॲपच्या) सर्चमध्ये त्यांनी ‘रिव्हिजन’ असं टाकलं. समोर उघडली ती पगारवाढीची, म्हणजे ‘सॅलरी रिव्हिजन’ची एक्सेल शीट, सगळ्यांच्या नावांनिशी.

हॅकिंग वगैरे काही झालेलं नव्हतं. एचआरमधल्या कुणीतरी टीम (टीम्समधला कामाचा ग्रुप) बनवताना ‘पब्लिक’ हा पर्याय निवडला होता, एवढंच. पब्लिक टीम कंपनीबाहेर कुणाला दिसत नाही, पण कंपनीतल्या प्रत्येकाला ती खुली असते. कुणालाही न विचारता तिच्यात शिरता येतं आणि शिरलं नाही तरी तिच्यातल्या फायली सर्चमध्ये सापडतात. मी ती टीम प्रायव्हेट केली, तिकीट बंद करायला घेतलं. तेवढ्यात आमच्या सीनियर मॅडम म्हणाल्या, ‘थांब. ह्या टीमचा ओनर कोण?’ ओनर म्हणजे टीममध्ये कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं हे ठरवणारा. ओनर म्हणून एकच नाव होतं आणि ती मुलगी दोन महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेली होती. आत अजून कोणकोण आहे, कुणाला काढायचं, फाइल ठेवायची की पुसायची, हे सांगायला कुणीच उरलं नव्हतं.

ह्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी हाच प्रश्न आधी विचारायला सांगते. टीम असो, गेस्ट (टीममध्ये बोलावलेला कंपनीबाहेरचा माणूस) असो, शेअर केलेली लिंक असो, त्यासाठी जबाबदार असलेलं एक जिवंत, कामावर असलेलं माणूस कोण? ते सापडत नसेल, तर महागातलं लायसन्स घेऊनही पुढचं सगळं डळमळीत राहतं.

त्याआधी टीम्सच्या पोटात काय आहे ते नीट समजून घ्या. एक टीम बनली की मागे एक मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुप बनतो, एक शेअरपॉइंट साइट (टीमच्या फायली ठेवायची जागा) बनते, एक मेलबॉक्स बनतो. चॅनेलमध्ये (टीममधल्या एका विषयाच्या कप्प्यात) टाकलेली फाइल शेअरपॉइंटवर जाते. प्रायव्हेट चॅनेलची साइट वेगळी असते. चॅटमध्ये पाठवलेली फाइल मात्र पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या वनड्राइव्हमध्ये (त्याच्या वैयक्तिक फायलींच्या ऑनलाइन जागेत) राहते, आणि नवीन माणसं अडखळतात ती इथेच. माणूस सोडून गेला, अकाउंट डिलीट झालं, की सेटिंग बदललेली नसेल तर ३० दिवसांनी त्याचं वनड्राइव्हही पुसण्याच्या रांगेत लागतं. मग ‘त्यांनी चॅटवर पाठवलेलं कोटेशन उघडत नाही’ अशी तिकिटं यायला लागतात. म्हणून नोटीस पिरियडमधल्या हँडओव्हरच्या यादीत लॅपटॉप आणि आयकार्डाच्या खाली दोन ओळी वाढवून घ्या: वनड्राइव्हमधल्या कामाच्या फायली कुणाकडे दिल्या, आणि ही व्यक्ती कोणकोणत्या टीमची ओनर आहे. प्रत्येक टीमला किमान दोन ओनर, हा आमचा नियम त्या पगाराच्या शीटनंतर झाला. बिनओनरच्या ग्रुपमधल्या सक्रिय सदस्यांना ‘तुम्ही ओनर होता का?’ अशी मेल आपोआप पाठवण्याची सोय ॲडमिन सेंटरमध्ये आहे. ती चालू करा.

सुरुवातीला आम्ही एक चूकही केली, आणि ती माझ्याच सूचनेवरून झाली. टीम्समध्ये मुळात कुणीही नवी टीम बनवू शकतं. मी सुचवलं की हे बंद करून टाकू आणि आयटीकडे अर्ज आला तरच टीम बनवू. केलंही तसं. अर्ज मंजूर व्हायला तीन-चार दिवस लागायचे. महिन्याभरात कळलं की प्रॉडक्शनवाल्यांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढलेत आणि ग्राहकांची ड्रॉइंग्ज तिथे फिरतायत. जिथे निदान लॉग (कुणी काय केलं त्याची नोंद) तरी होता, तिथून माणसांना मीच अशा जागी ढकललं होतं जिथे आम्हाला काहीच दिसत नव्हतं. नंतर आम्ही प्रत्येक विभागातल्या दोघा-तिघांना टीम बनवायची परवानगी दिली, नाव कसं ठेवायचं ते ठरवून दिलं आणि ग्रुपला मुदत घातली. मुदत संपायच्या ३० दिवस, १५ दिवस आणि एक दिवस आधी ओनरला मेल जाते. चुकून टीम गेलीच, तर ३० दिवसांच्या आत परत आणता येते. माझं ठाम मत आहे की ज्या नियमामुळे माणसाचं आजचं काम अडतं, तो नियम माणूस बाहेरून वळसा घालून मोडतो. पॉलिसी लिहिण्याआधी दोन दिवस त्या विभागात जाऊन बसा.

गेस्टची गोष्ट वेगळी. व्हेंडरच्या माणसाला टीममधून काढलं म्हणजे तो गेला, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्याचं गेस्ट अकाउंट एन्ट्रा आयडीमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटच्या नोंदवहीत) तसंच राहतं. मोठ्या कंपन्यांकडे ठरावीक काळाने आपोआप तपासणी करणारं लायसन्स असतं, आमच्याकडे नव्हतं. मी साधी एक्सेल ठेवली: गेस्टचं नाव, त्याची कंपनी, बोलावलं कुणी, काम कधी संपणार. दर तिमाहीला बोलावणाऱ्यालाच फोन करायचा. पहिल्याच फेरीत निम्म्याहून अधिक गेस्टबद्दल उत्तर आलं, ‘अहो, ते काम कधीच संपलं.’

गेस्ट न होताही बाहेरचा माणूस तुमच्या लोकांना टीम्सवर मेसेज करू शकतो, ही दुसरी वाट. मुळात ती सगळ्या डोमेनना (कंपन्यांच्या इंटरनेटवरच्या पत्त्यांना) खुली असते. ऑगस्ट २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलं होतं की मिडनाइट ब्लिझर्ड ह्या रशियन गटाने छोट्या कंपन्यांचे टेनंट (मायक्रोसॉफ्ट ३६५ वरची कंपनीची स्वतंत्र जागा) ताब्यात घेऊन, तिथून टेक्निकल सपोर्ट असल्याचं भासवत टीम्सवर मेसेज पाठवले आणि समोरच्याकडून लॉगिनला मंजुरी देणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपमध्ये आकडा टाकून घेतला. म्हणजे एमएफए (पासवर्डशिवाय ओळखीचा आणखी एक पुरावा मागणारी सोय) चालू असूनही माणूस फसला. ज्या कंपन्यांशी खरोखर बोलणं असतं, तेवढेच डोमेन खुले ठेवा. आणि ‘आयटी तुम्हाला ॲपमध्ये आकडा टाकायला कधीच सांगणार नाही’ हे लोकांना मराठीत, समोर उभं राहून सांगा. शॉप फ्लोअरवर इंग्रजी मेल कुणी वाचत नाही.

लॉगचंही पाहून ठेवा. सर्ट-इन ह्या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. मायक्रोसॉफ्टच्या साध्या ऑडिट लॉगची मुदत ऑक्टोबर २०२३ पासून ९० वरून १८० दिवस झाली. पण घटना घडल्यावर ऑडिट सर्च पहिल्यांदा उघडू नका. कुणी लिंक बनवली, कुणी फाइल डाउनलोड केली, हे शांत वेळी शोधून बघा, म्हणजे त्या ६ तासांत हात थरथरणार नाही.

ग्लोबल ॲडमिन (सगळे अधिकार असलेली अकाउंट) पाचापेक्षा कमी ठेवा, आणि त्या अकाउंटवरून रोजची मेल वाचू नका. ह्यावर अधिक सांगण्यासारखं नाही; पाळायचं असतं.

हल्ली मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस कोपायलट आल्यापासून जुन्या परमिशनचा प्रश्न तातडीचा झालाय. सर्चमध्ये निदान शब्द टाकावा लागायचा. कोपायलट ज्याला जे उघडायची परवानगी आहे त्यातून स्वतः उत्तर जुळवतो, त्यामुळे चुकून खुली राहिलेली फाइल साध्या प्रश्नाच्या उत्तरातही येऊ शकते.

अभ्यासाबद्दल सगळे विचारतात. आधी मायक्रोसॉफ्टची एससी-९०० (सुरक्षेची पायाभूत परीक्षा) करा, मग टीम्ससाठी एमएस-७००. दोन्हीकडे पासिंग १००० पैकी ७००. पण त्यासोबत एक महिन्याची ट्रायल घेऊन स्वतःचा टेनंट बनवा (ती संपण्याआधी रद्द करायचं विसरू नका). पाच खोटे कर्मचारी तयार करा, एकाने पब्लिक टीममध्ये फाइल टाकायची, दुसऱ्याच्या नावाने लॉगिन करून ती शोधायची. लगेच सापडणार नाही, इंडेक्स व्हायला वेळ लागतो. मग टीम प्रायव्हेट करून पुन्हा शोधा. इंटरव्ह्यूमध्ये हे जसं केलं तसं सांगा.

मी अजूनही व्यवस्थापनाची लेखी परवानगी घेऊन, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एका साध्या युजरच्या अकाउंटने लॉगिन करते आणि सर्चमध्ये चार शब्द टाकते: पगार, पासवर्ड, आधार, गोपनीय, मराठीत आणि इंग्रजीतही. जे सापडेल ते उघडत नाही. टीमचं नाव लिहून घेते आणि ओनरला फोन करते.