पेशी दाखवायच्या तासाची तयारी

सगळ्यात आधी कव्हरस्लिपची, म्हणजे काचपट्टीवरच्या नमुन्यावर झाकायच्या पातळ काचांची, डबी उघडा. कपाटात डबी दिसते म्हणून यादीत खूण करून मोकळे होऊ नका, उघडून आत बघा. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं होतं. सूक्ष्मदर्शक, कांदे, आयोडीन सगळं जागेवर होतं, तरी आठवीच्या वर्गाला त्या दिवशी नीट पेशी दिसली नाही.

कोकणातल्या हवेत एक पावसाळा गेला की डबीतल्या कव्हरस्लिप एकमेकींना चिकटतात आणि सगळ्यांची मिळून एक वडी होते. नखाने सोडवायला गेलात की फुटतात. ती वडी कोमट साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवा आणि पाण्यातच बोटाने एकेक सरकवून सुटी करा. मग साध्या पाण्यातून काढून स्पिरिट लावलेल्या मऊ सुती फडक्याने पुसा. पुसूनही धुरकट राहिली तर ती काच ओलीने खराब झाली आहे, टाकून द्या. हे सगळं एका रात्रीत होत नाही, म्हणून डबी आठवडाभर आधी उघडायची. नवी मागवायची तर १८ मिलिमीटरची घ्या, १० ग्रॅमच्या डबीत साधारण ८० निघतात. ५० मुलांच्या वर्गाला १०० तरी हव्यात, मुलांच्या हातून फुटतातच. मागणी पाऊस लागायच्या आत करा. आंबा घाटात दरड आली की कोल्हापूरचं पार्सल तिकडेच अडकतं.

काचपट्ट्या, ड्रॉपर, चिमटा, सुया, ब्लेड, टिपकागद हे सांगायला नको.

सूक्ष्मदर्शक आदल्या दिवशी पेटीबाहेर काढा. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी नक्षी दिसली तर ती बुरशी आहे आणि कितीही फिरवलंत तरी चित्र धुकट येणार. भिंग आधी फुग्याने फुंकून घ्या, नंतर लेन्सपेपरवर स्पिरिटचा थेंब घेऊन हलक्या हाताने पुसा. सदऱ्याच्या टोकाने अजिबात नाही, ओरखडा पडला की कायमचा. डाग नेत्रिकेवर (डोळ्याजवळचं भिंग) आहे की वस्तुभिंगावर (काचपट्टीजवळचं भिंग) हे कळत नसेल तर नेत्रिका फिरवा, डाग बरोबर फिरला तर तो नेत्रिकेवर आहे. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल ठेवा किंवा १५ वॅटचा बल्ब जळता ठेवा.

उजेडाचा विचार आधी करा. आरशाचा सूक्ष्मदर्शक असेल तर जुलैच्या अंधाऱ्या दुपारी खिडकीवर भागत नाही, आणि वीजही त्याच वेळी जाते. चार्ज केलेला एलईडी दिवा जवळ असू द्या. खाली कंडेन्सर, म्हणजे उजेड एकवटणारं भिंग, असेल तर सपाट आरसा, नसेल तर अंतर्वक्र. उन्हाची तिरीप थेट आरशात घ्यायची नाही. डोळ्याला इजा होते, मुलांना हे दोनदा सांगा.

आता कांदा. फोडीचा जाड पापुद्रा घेऊन त्याच्या आतल्या, खोलगट बाजूची पातळ साल चिमट्याने ओढा. ती एका पेशीच्या जाडीची असते, म्हणून तर कांदा घ्यायचा. ५ मिलिमीटरचा तुकडा पुरे. मोठा घेतला की घडी पडते आणि पेशींवर पेशी दिसतात. साल पाण्याच्या थेंबात पसरा, हवेत वाळू देऊ नका. आयोडीन घरी करायचं तर २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात विरघळवा, त्यात १ ग्रॅम आयोडीन घाला, मग ३०० मिलिलिटर करा. क्रम उलटा केलात तर आयोडीन नीट विरघळत नाही. पांढऱ्या कांद्यात आयोडीनने केंद्रक पिवळसर तपकिरी उठून दिसतं. अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर उत्तम.

आणि आता कव्हरस्लिप. सुईच्या टोकावर टेकवून ४५ अंशांत तिरकी धरा आणि सावकाश खाली सोडा. वरून टप्पकन टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात. जाड काळ्या कडेचं गोल गरगरीत काही दिसलं तर तो बुडबुडा. मुलं हमखास त्यालाच पेशी म्हणून काढतात, तेव्हा आधीच दाखवून ठेवा. कव्हरस्लिप नसेल तर थेंब फुगीर राहतो, साल वरखाली तरंगते, ४० पटीचं वस्तुभिंग आयोडीनमध्ये बुडतं आणि मग ते भिंग पुसण्यात तास संपतो. त्या भिंगाची रचनाच ०.१७ मिलिमीटर जाडीची काच मधे असेल असं धरून केलेली असते, तो आकडा भिंगावर कोरलेला असतो. वेळ आलीच तर पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर १० पटीच्या भिंगाखाली कसंबसं भागतं, ४० पटीखाली नाही.

जास्त वेळ द्या तो रससंकोचाला, म्हणजे खाऱ्या पाण्यात पेशीतलं पाणी बाहेर जाऊन आतला भाग आक्रसतो त्याला. पेशीपटल, म्हणजे पेशीचं नाजूक आवरण, जेमतेम ७-८ नॅनोमीटर जाड असतं आणि प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. म्हणजे कांद्याच्या पेशीत मुलांना दिसते ती पेशीभित्तिका, म्हणजे पटलाबाहेरची टणक भिंत. पटल आहे हे पटवायचं तर आतला भाग भित्तिकेपासून सुटताना दाखवायला हवा. यासाठी लाल कांदा घ्या, पण त्याची बाहेरची रंगीत साल. तो रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत, असतो, म्हणून वेगळा रंग द्यावा लागत नाही. कव्हरस्लिपच्या एका कडेला समुद्राचं पाणी सोडा, समोरच्या कडेला टिपकागद लावा. पाणी खालून ओढलं जातं आणि काही मिनिटांत जांभळा गोळा आक्रसून भित्तिकेपासून वेगळा होतो. मग त्याच रीतीने गोडं पाणी सोडा, तो पुन्हा फुगतो. समुद्राच्या पाण्यात साधारण ३.५ टक्के क्षार असतात, तेवढे पुरतात. पावसाळ्यात मात्र खाडीच्या तोंडाचं पाणी आणू नका, नदीच्या पाण्याने ते पातळ झालेलं असतं. तेव्हा १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ घाला. बरणीत खारवलेली कैरी का सुरकुतते हे मुलांना इथेच कळतं. आणि हा सगळा प्रयोग कव्हरस्लिपवाचून होतच नाही, कारण पाणी ओढलं जातं ते तिच्या खालून.

हायड्रिला ही पाणवनस्पती तळ्यातून सकाळीच आणा, शेंड्याचं कोवळं पान अख्खंच ठेवा, ते दोनच थरांचं असतं. उजेडात थोडा वेळ ठेवलं की हरितलवकं, म्हणजे पेशीतले हिरवे कण, भित्तिकेच्या कडेकडेने सरकताना दिसतात. कांद्यात हिरवं का नाही, हा प्रश्न येणारच. तो भाग जमिनीत, उजेडाविना वाढतो.

गालाच्या आतल्या पेशींसाठी ज्याची त्याची नवी कापसाची काडी, ०.९ टक्के मिठाचं पाणी, मिथिलीन ब्लू एकच थेंब. जास्त घातलं की सगळं निळंभोर. काड्या लगेच ब्लीचच्या पाण्यात. यावरही कव्हरस्लिप.

आधी कमी पटीचं भिंग, मोठा स्क्रू फक्त तिथेच. ४० पटीवर लहान स्क्रूच फिरवायचा, नाहीतर भिंग काचेवर आदळतं.

आकृतीत तंतुकणिका (पेशीतले ऊर्जा देणारे बारीक कण) काढणाऱ्यांना थांबवा. पुस्तकात आहेत, पण या तयारीत दिसत नाहीत. जे दिसलं तेच काढायचं: भित्तिका, केंद्रक, पेशीद्रव्याची कड.

पेशी सिद्धांत मुलांचं बघून झाल्यावर सांगा. १६६५ मध्ये हूकने बुचात पाहिल्या त्या नुसत्या रिकाम्या भिंती होत्या. सजीव पेशींचे बनलेले असतात हे १८३८ मध्ये श्लायडेनने वनस्पतींबद्दल, १८३९ मध्ये श्वानने प्राण्यांबद्दल मांडलं, आणि पेशी पेशीपासूनच होते हे फिरखोने १८५५ मध्ये. पाच मिनिटं पुरतात.

आवरताना वस्तुभिंगं पुसा, काचपट्ट्या धुऊन वाळवा. फुटक्या काचा वेगळ्या डब्यात, केराच्या टोपलीत नाही, झाडणाऱ्या मावशींचा हात कापतो. उरलेल्या कव्हरस्लिप मोजा, धुऊन पूर्ण वाळल्या की मधे कागदाचे तुकडे घालून सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा आणि आकडा झाकणावर लिहा.