जुनी शिडाची बोट घेताय? आधी डेक वाजवून बघा

1970-80 च्या दशकांतल्या बऱ्याच फायबरग्लास बोटींच्या डेकमध्ये (म्हणजे ज्यावर आपण चालतो त्या वरच्या पृष्ठभागात), फायबरग्लासच्या दोन थरांच्या मधोमध, बाल्सा हे हलकं लाकूड असतं. कठड्याच्या खांबांच्या बोल्टांपाशी पाणी झिरपतं आणि हे लाकूड आतल्या आत कुजतं. वरचा रंग मात्र चकचकीतच.

स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने ठोकत जा, बोल्टांभोवती तर अगदी बोटबोट अंतरावर. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द वाजलं की तिथे खडूने खूण करा. अर्धा डेक खडूने भरला, तर बोट कितीही मनात भरलेली असो, सोडून द्या.

डेक चांगला निघाला तरी गाद्या-पडद्यांआधी हे कराच: बोल्ट काढून भोक मोठं करा, घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने (वाळून कडक होणाऱ्या चिकट राळेने) भरा आणि ती कडक झाल्यावर तिच्यातच नवं भोक पाडा. मग गळती झाली तरी पाणी लाकडाला लागत नाही.