मुक्या जनावराचा डॉक्टर कसा शोधायचा, खर्च कसा आवरायचा: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लोकांसाठी

दोन वर्षांमागं पावसाळ्यात आमच्याकडं एक पिल्लू आणलं, पांढरंशुभ्र, एका कानावर तपकिरी ठिपका, पोरानं नाव ठेवलं मोती. आणून बारा दिवस झाले नाहीत तर एका रात्री उलट्या सुरू झाल्या, पहाटेपर्यंत जुलाबात रक्त, आणि त्या रक्ताचा एक वास असतोय, एकदा घेतला की तो विसरता येत नाही. माझ्याकडं जनावरांच्या एकाही डॉक्टरचा नंबर नव्हता. टॉवेलात गुंडाळून पावसात रिक्षानं फिरले, दोन ठिकाणी शटर बंद, तिसऱ्या ठिकाणी एकानं काही न विचारता, ताप न बघता दोन इंजेक्शनं टोचली, पाचशे रुपये घेतले, कागद काही दिला नाही. दुपारी चांगल्या डॉक्टरकडं पोचलो, त्यांनी पहिलं विचारलं, "सकाळी काय दिलंय?" आणि मला सांगता येईना. पार्वो होता, म्हणजे पिल्लांच्या आतड्याला होणारा विषाणूचा आजार. तिसऱ्या दिवशी मोती गेला.

आता घरात चिंगी आहे, येळ्ळूरहून आणलेली साधी गावठी कुत्री, आणि एक बोका. या दोघांसाठी मी जे शिकले ते लिहितेय. डॉक्टर जनावर बरं असताना शोधायचा, आणि पैशाचं पहिल्याच भेटीत उघड विचारायचं, एवढं केलं असतं तर मोती कदाचित वाचला असता असं मला अजून वाटतंय.

आधी डॉक्टर, मग पिल्लू

पिल्लू आणायच्या आठवडाभर आधीच डॉक्टर ठरवा. गल्लीत ज्यांच्याकडं सात-आठ वर्षांचं कुत्रं आहे त्यांना विचारा, कारण इतकी वर्षं सांभाळलेल्यानं बरेवाईट दोन्ही दिवस बघितलेले असतात. "डॉक्टर चांगलाय का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा की रात्री फोन उचलला का, बिल किती झालं, आणि जनावर बरं होत नव्हतं तेव्हा त्यांनी दुसरीकडं जा म्हणून सांगितलं का. या तिसऱ्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त मान देते.

मग दोन-तीन ठिकाणी नुसतं जाऊन या. घरापासून लांब असला तरी चालतंय असं म्हणू नका. टिळकवाडीतून कॅम्पात जाणं वेगळं आणि जुलै महिन्यात खानापूरच्या आतल्या गावातून बेळगावला येणं वेगळं, म्हणून गावाकडं असाल तर एक डॉक्टर जवळचा आणि एक शहरातला, असे दोन नंबर फोनमध्ये पाहिजेतच.

डॉक्टर कोण आणि कंपाउंडर कोण हे ओळखायला शिका, आमच्या भागात इथंच घोळ होतोय. पशुवैद्याची डिग्री बीव्हीएस्सी अँड एएच असते, साडेपाच वर्षांची, पुढं एमव्हीएस्सी केलेले असतील तर मेडिसिन, सर्जरी असा एक विषय असतोय. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं नोंदणी नसलेल्याला प्रॅक्टिस करता येत नाही, कर्नाटकातल्या डॉक्टरांची नोंदणी राज्याच्या पशुवैद्यक परिषदेकडं असते. नोंदणी नंबर विचारायला लाजू नका, खरा डॉक्टर रागावत नाही. गावात गाईम्हशींना इंजेक्शनं देणारी माणसं असतात, त्यातली काही खूप अनुभवी असतात, पण कुत्र्यामांजराचा डोस वजनावर असतोय आणि मांजर म्हणजे काही छोटं कुत्रं नव्हे, त्यामुळं तिथं अंदाज चालत नाही.

पहिल्या भेटीत काय बघायचं

चिंगीला पहिल्यांदा नेलं तेव्हा डॉक्टरांनी तिला टेबलावर चढवायच्या आधी खाली बसून हात हुंगू दिला. मग वजन केलं, ताप बघितला, ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबला आणि सोडला. दाबलेली जागा पांढरी झाली आणि लगेच गुलाबी. मला म्हणाले, "हे घरी करून बघत जावा, दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला पाहिजे." मग मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती पटकन खाली बसली म्हणजे अंगात पाणी आहे. या दोन गोष्टी मी आता दर रविवारी करते. कुत्र्याचा नॉर्मल ताप साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट, आपल्या हाताला ते गरमच लागतंय, म्हणून नुसता हात लावून ताप आहे म्हणू नका.

तर बघायचं हे की वजन करतात का, ताप बघतात का, काय दिलं ते लिहून देतात का, आणि लसीच्या वहीत बाटलीवरचा स्टिकर चिकटवून सही करतात का. लस फ्रिजमधूनच निघाली पाहिजे. एक्सरे, सोनोग्राफी, रक्त तपासणी तिथं होते की बाहेर पाठवतात, रात्री कोण असतंय, हे विचारून घ्या. घरी मुधोळ जातीचं शिकारी कुत्रं असेल तर एक जास्तीचं विचारा, भूल देताना काय वापरता. त्या जातीच्या अंगात चरबी फार कमी असते आणि अशा शिकारी बांध्याच्या कुत्र्यांना भुलीची काही जुनी औषधं जड जातात, शुद्धीवर यायला वेळ लागतोय. या प्रश्नाला नीट उत्तर देणारा डॉक्टर मिळाला तर सोडू नका.

भाषेचं पण बोलते. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर बऱ्याचदा कन्नड बोलणारे असतात, त्यातल्या खूप जणांना मराठी कळतंय, पण घाईत लक्षण नीट पोचलं पाहिजे. "सर, नायी ऊटा माडवल्दु, वांती माडाकत्तैति, मूरु दिवस आत्री" एवढं म्हणता आलं तरी काम होतंय. कुत्रं जेवत नाही, उलटी करतंय, तीन दिवस झाले. वांती म्हणजे उलटी, भेदी म्हणजे जुलाब, ज्वर म्हणजे ताप. आणि फोनमध्ये व्हिडिओ काढून न्या, खोकला, लंगडणं, झटका, यातलं काहीच डॉक्टरसमोर होत नाही, घरीच होतंय.

पैशाचं विचारायचं कसं

आपल्यात डॉक्टरला पैशाचं विचारायला लाजतात आणि मग बिल बघून दुसऱ्या दिवशी जातच नाहीत, त्यात जनावराचा उपचार अर्धवट राहतो. मी सरळ म्हणते, "डॉक्टर, माझ्याकडं आज दोन हजार आहेत, त्यात सगळ्यात आधी काय करणं गरजेचं आहे?" या एका वाक्यानं माझं कितीतरी काम झालंय. चिंगीला गोचीड ताप आला तेव्हा चार तपासण्या सुचवल्या होत्या, हे विचारल्यावर डॉक्टर म्हणाले आज नुसतं रक्त बघू, प्लेटलेट कमी असतील तर औषध लगेच सुरू करू, बाकीच्या गरज पडली तर. प्लेटलेट कमीच निघाल्या. डॉक्सिसायक्लिन चार आठवडे दिलं, आणि चार आठवडे म्हणजे चार आठवडे, कुत्रं तिसऱ्या दिवशीच उड्या मारायला लागतंय आणि लोक गोळ्या बंद करतात, मग ताप परत येतोय आणि खर्च दुप्पट.

ऑपरेशन असेल तर अंदाज लिहून मागा, त्यात भूल, टाके, नंतरची इंजेक्शनं, ॲडमिट ठेवायचे दिवस, सगळं धरलंय का ते विचारा. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असेल तर रिपोर्टची कॉपी मागा.

औषधाच्या चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर मूळ औषधाचं नाव लिहून मागा. बरीच औषधं माणसांची आणि जनावरांची एकच असतात, ती साध्या मेडिकलमध्ये, कधी जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतात. पण डोस डॉक्टरनंच लिहिलेला पाहिजे. घरातली गोळी आपल्या मनानं कधीच देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकनं कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतोय, किडनी जाते. कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराला लावू नका, त्यात परमेथ्रिन असेल तर मांजर झटके येऊन मरतंय.

कुठं हात आखडायचा नाही

लस. मोतीची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना व्हायला पाहिजे होती, मी म्हटलं जरा रुळू दे, मग बघू. त्या "मग"मध्ये गेला तो. कुत्र्याला सहा ते आठ आठवड्यांना पहिली एकत्रित लस, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं बूस्टर, तीन महिन्यांचं झालं की रेबीज, पुढं डॉक्टर सांगतील तसं दरवर्षी. लसींचा कोर्स पुरा होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर उतरवू नका, पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्महिने जगतोय. ज्या घरात पार्वोनं पिल्लू गेलंय तिथं लगेच दुसरं आणू नका, आम्ही वर्षभर थांबलो. खानापूर, चंदगडकडं पाऊस जास्त, उंदीर जास्त, म्हणून लसीत लेप्टो, म्हणजे उंदराच्या मुतातून पसरणारा आजार, धरलाय का ते विचारा. जंताचं औषध लहानपणी दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनंतर महिन्याला, सहा महिन्यांनंतर दर तीन महिन्यांनी.

माझ्या वहीतला मागच्या वर्षीचा हिशोब सांगते, एकत्रित लस 750, रेबीज 250, जंताच्या गोळ्या चार वेळा 80 प्रमाणे 320, म्हणजे 1320 रुपये, तपासणी फी वेगळी. मोतीच्या तीन दिवसांच्या सलाईनला याच्या चौपटीवर गेले होते आणि तो राहिलाही नाही.

नसबंदीपण यातच येते. मादीची नसबंदी केली नाही तर वय झाल्यावर, माज संपून काही आठवड्यांनी, गर्भाशयात पू होतोय, त्याला पायोमेट्रा म्हणतात. आमच्या शेजारच्या आजींची कुत्री नुसतं पाणी पीत होती, सारखं पाणी, आणि आजी म्हणायच्या उन्हाळा आहे. रात्री बारा वाजता ऑपरेशन करावं लागलं, साध्या नसबंदीच्या कितीतरी पट खर्च, नशिबानं वाचली.

आणि या गोष्टी सकाळवर ढकलू नका. बोका मुतायला बसतोय आणि थेंब येत नाही, मोठ्या कुत्र्याचं पोट एकदम फुगलंय आणि कोरडी उलटी करतंय, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, साप चावलाय, पिल्लाच्या जुलाबात रक्त आहे. यात तास मोजायचे असतात.

कुठं वाचवता येतंय

सरकारी पशु दवाखाना लोक विसरतात. तालुक्याला रुग्णालय असतं, जिल्ह्याला पॉलिक्लिनिक, फी नाममात्र. तिथं गाईम्हशींची गर्दी असते आणि कुत्र्यामांजराच्या सगळ्या लसी दर वेळी मिळतील असं नाही, म्हणून आधी फोन करा, सकाळी लवकर जा. पशु संजीवनी या सरकारी फिरत्या दवाखान्याच्या गाडीचा नंबर 1962, ती मुख्यतः दुभत्या जनावरांसाठी आहे, पण गावाकडं असाल तर नंबर भिंतीवर लिहून ठेवा. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिवस, त्याच्या आसपास बऱ्याच ठिकाणी रेबीजची लस फुकट देतात, दवाखान्यात आधी चौकशी करा.

खाण्यात पण वाचतंय. चिंगीला भात, भाकरी, अंडं, चिकन असं घरचंच चालतंय, डॉक्टरला विचारून ठरवलंय. पण आमटीतलं नको, कांदा-लसूण कुत्र्यामांजराच्या रक्ताला वाईट. द्राक्षं आणि बेदाणे तर अजिबात नको, अथणीकडं घरोघरी बेदाणा असतोय म्हणून मुद्दाम लिहितेय, त्यानं कुत्र्याच्या किडन्या बंद पडतात. मांजराला दूध-भातावर ठेवू नका, त्याला टॉरिन नावाचा अन्नघटक लागतोय आणि ते मांस-मासळीतूनच येतंय, नाहीतर डोळे आणि हृदय जातंय.

विमा मिळतोय, पण सही करायच्या आधी वयाची अट, पहिले किती दिवस क्लेम मिळत नाही, आधीचे आजार धरतात का, लस चुकली तर काय, हे चार मुद्दे वाचा. मी विमा घेतला नाही, दर महिन्याला 500 रुपये वेगळ्या खात्यात टाकते, वर्षाला 6000 होतात आणि त्याला घरातला दुसरा कुठलाच खर्च लावायचा नाही असं ठरलंय.

कुत्रं चावलं किंवा ओरखडलं, घरचं लसीकरण झालेलं असलं तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात जा, माणसाची रेबीजची लस तिथं फुकट आहे.

मोठ्या गावाला न्यायची वेळ आली तर

निपाणीकडच्यांना कोल्हापूर जवळ, साधारण चाळीस किलोमीटर, बेळगावकरांना धारवाड-हुबळी सोयीचं, आणि पशुवैद्यकीय कॉलेजच पाहिजे असेल तर पुण्याच्या हायवेनं साताऱ्याच्या पुढं शिरवळला आहे, बिदरकडच्यांना तर विद्यापीठ गावातच. निघायच्या आधी तिथं फोन करून ते डॉक्टर त्या दिवशी आहेत का, मशीन चालू आहे का, बिल अंदाजे किती, हे विचारा. इथल्या डॉक्टरकडून एक चिठ्ठी घ्या, काय औषध कधी दिलं ते वेळेसकट. भूल द्यायची असेल तर पोट किती तास रिकामं पाहिजे ते विचारा. गाडीत जुनी चादर, पाण्याची बाटली, लसीची वही. दुखत असलेलं कुत्रं मालकालाही चावतंय, म्हणून पट्टीनं तोंड सैलसर बांधा, पण उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर बांधू नका, एक माणूस मागं बसून डोकं मांडीवर धरू दे.