नदीच्या ओढीत होडी नांगरताना: आधी सोडायची सोय, मग नांगर

तळ्यात नांगर टाकणं आणि नदीच्या धारेत टाकणं ही दोन वेगळी कामं आहेत. तळ्यात नांगराने तळ धरला नाही तर होडी हळूहळू सरकते, एवढंच. धारेत खरा धोका उलटा असतो: नांगराने घट्ट धरलंय, पण दोर होडीला चुकीच्या जागी बांधलाय. सरकणारी होडी इंजिनाने किंवा वल्ह्याने सावरता येते. मागून बांधलेली होडी धारेत अडकली तर पाणी आत यायला काही क्षण पुरतात. म्हणून नांगर कसा धरवायचा हे शिकताना तो झटकन कसा सोडायचा हेही शिकायला हवं, आणि तयारीत ते आधी यायला हवं.

दोर नाळेवरूनच

नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाणी कापण्यासाठीच निमुळती आणि उंच केलेली असते. मागची बाजू सपाट आणि बुटकी असते. त्यावर इंजिनाचं वजन, इंधनाची टाकी, बहुतेक वेळा बसलेली माणसंही. दोर मागे बांधला की धार त्या सपाट फळीवर येऊन आदळते, दोर मागची बाजू खाली ओढतो आणि पाणी काठावरून आत उतरतं. आत आलेलं पाणी मागेच साचतं, त्यामुळे ती बाजू आणखी खाली जाते. मधल्या कडेला बांधलं तर होडी आडवी होते आणि कलंडते. मासे धरायला मागे बसलोय, दोर हाताशी आहे, म्हणून तिथेच बांधला, असं अगदी सहज घडतं. ते एकदाही करू नका.

सामान

नांगर वजनाने होडी थोपवतो हा गैरसमज आहे. तो तळात रुततो म्हणून थोपवतो, आणि रुतण्यासाठी ओढ आडवी लागते. वाळू आणि चिखलात पसरट पात्यांचा डॅनफोर्थ पद्धतीचा नांगर चांगला धरतो. वजनाला हलका, तरी पकड मोठी. गोट्यांच्या किंवा खडकाळ तळाला तो घसरतो, तिथे चार-पाच आकड्यांचा ग्रॅपनेल कामाला येतो. मात्र तो अडकूनही तितकाच बसतो. छत्रीसारखा मश्रूम नांगर शांत पाण्यासाठी. ओढ असलेल्या नदीत त्याच्या भरवशावर राहू नये.

नांगराला थेट दोर बांधू नका. मधे काही मीटर साखळी हवी. साखळीच्या वजनाने नांगराचा दांडा तळाशी आडवा राहतो, शिवाय दगडांवर घासून दोर तुटत नाही. दोर नायलॉनचा घ्या, कारण तो ताणला जातो आणि हिसका पोटात घेतो. पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त असला तरी पाण्यावर तरंगतो आणि इंजिनाच्या पंख्यात गुंततो. साखळीच्या शॅकलची, म्हणजे जोडकडीची, पिन बारीक तारेने बांधून ठेवा. सतत थरथरून ती आपोआप उलगडते.

दोर किती सोडायचा याचा हिशेब टाळू नका. पाण्याच्या खोलीत नाळेची पाण्यापासूनची उंची मिळवा आणि त्या बेरजेच्या ७ पट दोर सोडा. खोली ३ मीटर, नाळ १ मीटर वर, तर बेरीज ४ आणि दोर २८ मीटर. थोडा वेळ थांबायचं असेल आणि ओढ कमी असेल तर ५ पट चालतं. जोराच्या धारेत १० पटीपर्यंत जावं लागतं. ७ पटीला ताणलेला दोर तळाशी जेमतेम ८ अंशांचा कोन करतो, ३ पटीला तोच कोन जवळपास २० अंशांचा होतो. तेव्हा नांगर रुतण्याऐवजी उचकटला जातो. दोरावर दर ५ मीटरला रंगीत सुतळी बांधून ठेवली की अंधारातही हाताने मोजता येतं.

सोडायची सोय

दोराच्या शेवटच्या टोकाला मोठा, भडक रंगाचा तरंगता गोळा बांधा. दोर नाळेवरून येऊन क्लीटवर, म्हणजे दोर गुंडाळायच्या दोन शिंगांच्या खुंटीवर, अडकलेला असावा, पण गाठ मारलेली नसावी. क्लीटभोवती आडवे-तिरपे वेढे घेतले की ताण असला तरी दोर सहसा एका हाताने सुटतो. मोठा ओंडका धारेतून सरळ तुमच्यावर येतोय असं दिसलं, की वेढे काढायचे आणि गोळ्यासकट सगळा दोर पाण्यात टाकून द्यायचा. होडी मोकळी होते, गोळा जागा दाखवत राहतो, नंतर येऊन नांगर घेता येतो. सोडण्याआधी इंजिन सुरू झालेलं हवं. वेढे जाम झाले तर कापायला धारदार सुरी नाळेजवळ म्यानात अडकवलेली असावी, पेटीच्या तळाशी नको. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर असावं.

ओढ मोजा, मग जागा ठरवा

काठावर १० मीटर अंतर मोजा, वरच्या टोकाला पाण्यात काटकी टाका आणि सेकंद मोजा. १० सेकंद लागले तर पाणी सेकंदाला १ मीटर, म्हणजे ताशी ३.६ किलोमीटरने चाललंय. ५ सेकंदांत गेली तर वेग दुप्पट झाला, पण होडीवरचा जोर चौपट होतो, कारण पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. धार नुसती बघून हे कळत नाही, म्हणून काटकी टाकण्याचा कंटाळा करू नका. लहान, उघड्या होडीने ५ सेकंदांच्या धारेत नांगर टाकूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. काठाला लागावं, किंवा एखाद्या टोकामागच्या संथ पाण्यात जावं.

वळणाच्या आतल्या बाजूला पाणी संथ असतं आणि वाळू साचलेली असते. नांगराला ती जागा मानवते. बाहेरच्या बाजूला धार काठ कोरत जाते, तिथे खोल पाणी आणि उन्मळलेली झाडं. पुलाच्या खांबांजवळ, पाण्याखालच्या केबलच्या पाटीजवळ, बंधाऱ्याच्या वर किंवा लगेच खाली आणि मोठ्या बोटींच्या मार्गात नांगर टाकू नका. होडीच्या मागे, खालच्या अंगाला काय आहे हेही बघा. नांगर सुटला तर होडी तिकडेच जाणार.

नांगर टाकताना

दोर टोपलीत किंवा बादलीत नीट भरून ठेवा, नांगराकडचा भाग वर. नाळ धारेच्या उगमाकडे करून, जिथे थांबायचंय त्याच्या बराच वर जा; २८ मीटर दोर सोडायचा असेल तर साधारण तेवढंच. आता इंजिन इतकंच चालवा की काठावरचं झाड जागच्या जागी दिसेल. मग वेग किंचित कमी करा. होडी मागे सरकायला लागली की नांगर हाताने खाली सोडा. फेकू नका, फेकलेल्या नांगराला साखळी गुंडाळते आणि पाती बंदच राहतात.

नांगर टेकला की दोर हातात हलका लागतो. होडी मागे जाईल तसा दोर देत राहा, क्लीटला एक वेढा देऊन, म्हणजे तो सुसाट पळणार नाही. मनगटाला दोर गुंडाळू नका आणि वेटोळ्यात पाय ठेवू नका. अर्धा दोर गेल्यावर हलकेच अडवा, नांगराला पातं रुतवू द्या, मग उरलेला सोडा. पूर्ण दोरावर होडी थांबली की सावकाश ताण द्या.

शेवटी नाळेकडे बघा. ती दबली असेल, पाणी काठाला चढत असेल तर दोर कमी पडलाय, आणखी सोडा. तरीही नाळ दबलेलीच राहिली तर ती धार तुमच्या होडीची नाही, उचलून दुसरीकडे जा.

धरलंय का?

काठावरच्या एकामागे एक असलेल्या दोन खुणा निवडा, जवळचं झाड आणि मागचा खांब अशा. दोन्ही एका रेषेत राहिल्या तर होडी जागेवर आहे. मग ताणलेल्या दोरावर तळवा ठेवा. रुतलेल्या नांगराचा दोर स्थिर ताणलेला लागतो. घसरणारा नांगर तळावर अडखळत येतो आणि त्याचे ठोके दोरातून हाताला कळतात. घसरत असेल तर आधी दोर वाढवा, तरीही नाही धरलं तर उचलून पुन्हा टाका.

थांबलेली होडी दोन्ही बाजूंना हेलकावत असेल तर इंजिनाचा पाय, म्हणजे पंख्याकडचा खालचा भाग, पाण्यात सरळ ठेवा आणि माणसांना मधोमध बसवा. बहुतेकदा तेवढ्याने शांत होते.

थांबलेलं असताना

एकाची नजर सतत वरच्या अंगाला हवी. झाडाच्या फांद्या, पाणवनस्पतींचे गठ्ठे दोराला अडकले की ओढ वाढत जाते. धरणाखालच्या नदीत पाणी सोडलं की पातळी चढते आणि हिशेब बदलतो: वरच्या उदाहरणात पाणी २ मीटर वाढलं तर तोच २८ मीटर दोर ७ पटीवरून ५ पटीच्याही खाली येतो. पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा वाढला, तर वाट न बघता निघा. समुद्राजवळच्या नदीत भरती-ओहोटीबरोबर धार उलटते, होडी फिरते आणि नांगर उलट्या बाजूने ओढला जाऊन निघू शकतो. त्या वेळी खुणा पुन्हा तपासा.

१९७२च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांतल्या नियम ३०नुसार नांगरलेल्या बोटीने दिवसा पुढच्या बाजूला काळा गोळा आणि रात्री चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा दाखवायचा असतो. ७ मीटरपेक्षा लहान होडीला बोटींच्या वाटेपासून लांब असेल तर यातून सूट आहे, पण दिवा लावावाच. नदीनदीचे स्थानिक नियम वेगळे असतात, तेही बघून घ्या.

उचलताना आणि अडकला तर

दोराने होडी ओढत पुढे नेऊ नका. इंजिनाने हळूहळू वर सरका, नाळेवरचा माणूस सैल दोर गोळा करत राहील, तो पंख्याखाली जाणार नाही याकडे लक्ष. दोर उभा झाला की नांगर सहसा हाताने सुटतो.

नाही सुटला तर थोडं आणखी वर जा आणि जिकडून तो रुतला त्याच्या उलट दिशेने ओढ द्या. तोकडा दोर क्लीटला बांधून इंजिनाचा जोर लावू नका. नाळ पाण्याखाली खेचली जाते. खडकाळ तळ आहे हे आधीच माहीत असेल तर साखळी नांगराच्या कडीऐवजी त्याच्या पात्यांकडच्या टोकाला जोडा, दांड्यावरून आणा आणि कडीशी बारीक दोरीने बांधा. अडकल्यावर वरून जोर दिला की ती दोरी तुटते आणि नांगर उलटा, पात्यांकडून निघून येतो. पण होडी सोडून जाणार असाल किंवा रात्रभर थांबणार असाल तर ही जोडणी वापरू नका, नको तेव्हा दोरी तुटेल.

दोन-तीन दिशांनी ओढूनही सुटत नसेल तर दोर कापा. कापण्याआधी इंजिन चालू, सगळे खाली बसलेले, मागचं पाणी मोकळं. दोर जितका गोळा करता येईल तितका करून नाळेबाहेर खालीच कापा. धारेत लोंबणारा लांब तुकडा पुढच्या होडीच्या पंख्यात जातो.