शोभादर्शक बनवताना या चुका टाळा

शोभादर्शक, म्हणजे आपला कॅलिडोस्कोप, मनासारखा जमला नाही की बहुतेक जण आतले मणी बदलून पाहतात. खरा दोष मात्र बहुधा आरशांच्या जोडणीत असतो.

काचवाल्याकडून १५ सेंमी लांब आणि ३.५ सेंमी रुंद अशा तीन पट्ट्या कापून आणल्या आणि त्यांतली एखादी दोन मिलिमीटरने अरुंद निघाली, तर त्रिकोणाचे कोन ६० अंशांचे राहत नाहीत आणि कोपऱ्याभोवती जिथे सहा सारखे भाग जुळायला हवेत, तिथे एक भाग तुटका दिसतो. म्हणून कडा पॉलिश पेपरने घासून घ्याव्यात आणि पट्ट्या एकीवर एक ठेवून रुंदी ताडून पाहावी.

याहून सर्रास होणारी चूक चिकटपट्टी लावताना होते. चकचकीत बाजू खाली ठेवून पट्ट्या अगदी खेटून मांडल्या आणि पाठीवर चिकटपट्टी लावली, तर त्रिकोण मिटतच नाही, कारण आतल्या कडा एकमेकींना अडतात. दोन पट्ट्यांमध्ये काचेच्या जाडीच्या साधारण पावणेदोनपट, म्हणजे २ मिमी काचेला साडेतीन मिमी, फट ठेवावी. नळी आतून निदान साडेचार सेंमी व्यासाची हवी. ती आधी मिळवावी, आरसे नंतर कापावेत.

स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१७ मध्ये ज्याचे पेटंट घेतले, त्या उपकरणात दोनच आरसे होते. तसे करायचे असल्यास कोन ४५ किंवा ३० अंशांचा ठेवावा, म्हणजे अनुक्रमे आठ आणि बारा भाग नेमके जुळतात. ५० अंशांत ते जुळणार नाहीत.

काचांचे तुकडे आरशांच्या टोकापासून दूर राहिले, तरी आकृती मधेच तुटते. पारदर्शक चकती थेट टोकाला टेकवावी, त्यापुढे पाऊण सेंमी जागा सोडून बाहेरून ट्रेसिंग पेपर लावावा आणि ती जागा एक तृतीयांशच भरावी, नाहीतर तुकडे घरंगळत नाहीत. टिकल्या मागून उजेड आल्यावर काळ्या दिसतात; बांगड्यांच्या काचेला तोड नाही.

काचेऐवजी ॲक्रिलिकचा आरसा वापरला, तेव्हा चित्र धुरकट का येते म्हणून मी अर्धा तास मणी बदलत बसलो होतो. शेवटी आरशाच्या एका कोपऱ्याशी, न काढलेल्या संरक्षक प्लास्टिकचा पापुद्रा सुटलेला दिसला.